बिरातात्यांचं बोट

बिरातात्या बोलायला लागले की आधी तुमचं मनगट धरायचे. जोरात नाही, नाडी बघतात तशी नुसती दोन बोटं टेकवून. मग प्रश्न विचारायचे, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत ती बोटं तिथंच. उत्तर आलं की उठली. नुसती मान हलवून भागायचं नाही, कारण तात्यांना मान दिसत नव्हती. ते जन्मापासून आंधळे होते. नव्या माणसाला हे फार अवघड जायचं. मला तर गेलंच. इंदापूरच्या त्या ऑफिसात पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बारामतीच्या कॉम्पुटरवाल्या बाई त्या तुमीच का?" आणि मी बावळटासारखी मान हलवत उभी. बोटं काही उठेनात. शेवटी गेनबा शिपाई म्हणाला, "बाई, तोंडानं बोला की. तात्यास्नी दिसत न्हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं "हो" म्हटलं तेव्हा कुठं मनगट सुटलं.

मी मूळची पिंपळीची. बारामतीत एका कापडदुकानाच्या माळ्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथं शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या दिवसांत आमच्या भागात ज्याला कॉम्प्युटर चालू करून नीट बंद करता येई तो तज्ज्ञ. त्या हिशेबानं मी फारच मोठी तज्ज्ञ होते, आणि आपल्याला काय काय येत नाही हे फक्त मला माहीत होतं. आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या एसटीनं इंदापूरला जायचं, तात्यांना कॉम्प्युटर शिकवायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, असं ठरलं होतं.

संस्था ऊसतोडणीचं बघणारी. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून रस्त्यात भेटतात. कुणाच्या रानात तोडकऱ्यांची टोळी कधी जायची, ती पाळी लावायचं काम तिथं चाले. पाळी चुकणं ही आमच्याकडं हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. ऊस उभा राहिला, तुरे आले, की वजनात मार खातो. म्हणून दिवसभर लोकांचे फोन, आमची तोड कधी?

ते फोन घ्यायला तात्या. सव्वीस वर्षं. त्यांच्यापुढं खटक्यांचा जुना टेलिफोन बोर्ड होता. बाहेरून फोन आला की तात्या खटका दाबून धरायचे, आत घंटी जायची, आतला माणूस 'हॅलो' म्हणाला की मगच खटका सोडायचे. पण तोड विचारणाऱ्याला ते आत जोडतच नसत. नवी यादी लागली की गेनबाकडून दोनदा वाचून घ्यायची, बास. चारशे नावं डोक्यात बसलेली. माणूस खोकला तरी ओळखायचे. "काय गणपतआबा, सर्दी धरली व्हय? तुमची पाळी मंगळवारी. टोळी दुपारनंतर येतीया, सकाळपास्नं बांधावर बसून ऱ्हाऊ नका." गणपतआबा तिकडं अजून 'हॅलो' म्हणायचेच असायचे.

आता हा बोर्ड जाणार होता. त्या जागी आपोआप फोन जोडणारी नवी पेटी येणार होती. मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हता, पण कागदाला धरून चालणारा. कागदावर असं होतं की ऑपरेटरची जागा संपली, त्याऐवजी चौकशीची खिडकी, आणि खिडकीत कॉम्प्युटर. तात्यांनी हंगाम सुरू व्हायच्या आत तीन संचालकांसमोर कॉम्प्युटरवरून यादी वाचून दाखवली तर खिडकीतली खुर्ची त्यांची. नाहीतर तात्या घरी. साहेबांनी आणखी एक अट घातली. जुन्या यादीवर परीक्षा नको, ती ह्यांना पाठ आहे. त्या दिवशी नवी यादी द्यायची, कुणी वाचून न दाखवलेली.

"घरी बसायला तुम्हाला काय हरकत आहे?" असं मी तात्यांना एकदा विचारलं. पोरं कर्ती होती, रान बागायती होतं. तेव्हा मला अक्कल कमी होती.

"घरी मला हाक कोन मारनार बाई?" तात्या म्हणाले. "घरात समदी मला बगत्यात आन् गप जात्यात. 'तात्या बसल्यात हितं' म्हनून बाजूनं जात्यात. हितं दिवसाला शंभर मानसं मला बोलत्यात. बोललं न्हाय कुनी तर मी हाय का न्हाय हे मला कसं कळायचं?"

बोटं मनगटावर तशीच होती. मी दुसऱ्या हातानं कॉम्प्युटर चालू केला.

तर कॉम्प्युटर. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम पुण्याहून कुणाच्या तरी ओळखीनं आला होता. प्रोग्रॅम इंग्रजी, त्याचा आवाजही इंग्रजी. नमुन्याची प्रत असल्यामुळं चाळीस मिनिटं चालायचा आणि मग गप्प. मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, तेवढ्यात आमचा चहा व्हायचा. आवाजाचं नाव तात्यांनी 'पाव्हणा' ठेवलं होतं, कारण तो थांबत थांबत बोलायचा आणि इथल्या नावांची पार वाट लावायचा. "पाव्हणा जरा थोरल्या घरचा दिसतोय, त्येला आपली नावं उच्चारताना जीभ जड होतीया," तात्या म्हणायचे. दोन दिवसांत त्यांना पाव्हण्याचं बोलणं कळायला लागलं. मला दोन आठवडे लागले.

शिवाय पाव्हण्याला सूचना लिहून द्याव्या लागायच्या. त्याला स्क्रिप्ट म्हणत. खालच्या बाणाचं बटण दाबलं की ते आधी तू पकड, मग यादीच्या प्रोग्रॅमकडं सोड, यादी एक ओळ खाली सरकली की ती ओळ वाच. एवढंच. यादीत नाव शोधायची सोय नव्हती, कारण एकेका नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कारकुनानं आपापल्या मर्जीनं केलेलं. वरून एकेक नाव ऐकत खाली यायचं, हाच रस्ता. चार ओळींचं काम होतं, आणि त्या चार ओळींनी माझा जीव घेतला.

पहिल्याच आठवड्यात नरसिंहपूरकडचे महादेवआबा ऑफिसात आले. तात्या सरावाला बसले होते. आबा म्हणाले, "मशिनीवरनं सांगा की तात्या, बगू तरी." तात्यांनी वरून खाली यादी ऐकली. आबांचं नाव आलं नाही. पुन्हा ऐकली. नाही. तिसऱ्यांदाही नाही. मशीन सांगतंय म्हटल्यावर आबांना घाम फुटला. दोन एकर ऊस, आणि यादीत नावच नाही.

"हाय तुमचं नाव," तात्या शांतपणे म्हणाले. "मारुतराव आन् दगडूच्या मदी हाय, पाठ हाय मला. ह्यो पाव्हणा गिळतोय त्येला."

मी खुर्चीवर बसले, बाण दाबत खाली आले. मारुतराव, महादेव, दगडू. सगळं जागच्या जागी. तात्या बसले. मारुतराव, दगडू, आणि पुढं. आबा एकदा माझ्याकडं बघत, एकदा तात्यांकडं. मला काहीच कळेना. तेच मशीन, तेच बटण, तीच यादी. माझ्या हातानं बरोबर आणि त्यांच्या हातानं चूक.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते आठवलं की आजही हसू येतं, आणि तेव्हा रडू येत होतं. कीबोर्ड बदलला. बारामतीच्या क्लासमधला कीबोर्ड पिशवीत घालून एसटीनं नेला. फरक नाही. मग माझा संशय मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर गेला, कारण तोही बटणांवर टपून बसलेला असतो. तो काढून टाकला. टायपिंग करणारा कारकून माझ्याशी बोलायचा बंद झाला. फरक नाही. मग मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं की बटण दाबल्यावर त्या बटणाचं नाव बोलून दाखव. तात्यांनी दाबलं, पाव्हणा एकदाच 'डाऊन' म्हणाला, आणि पडद्यावर चालू ओळ दाखवणारी पट्टी मात्र दोन ओळी खाली गेली. कधी एक, कधी दोन, कधी तीन. मी डोकं धरून बसले. इंग्रजी माहितीची पानं वाचायचे, प्रत्येक शब्द कळायचा आणि वाक्य कळायचं नाही. सगळा वेळ मी पडद्याकडं बघत होते. बोटाकडं बघायचं मला सुचलं नाही.

ऑफिसात एक नवीनच बोलणं सुरू झालं, की यंत्राला तात्या चालत नाहीत. मॅनेजरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, होत नसेल तर तसं सांगा. म्हाताऱ्या माणसाची चारचौघांत शोभा नको व्हायला." मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

तात्या मात्र चहा पिताना आपल्या मेंढरांच्या गोष्टी सांगत. त्यांचं घराणं सुप्याकडचं, मेंढरं राखणारं. पुढं कळप मोडला, भाऊ इकडं बागायतीत आले, ट्रॅक्टर घेतला. पण तात्यांचं लहानपण कळपातलं. आंधळ्या पोराला राखणीला कुठं न्यायचं? वडिलांनी त्यांना वाघरीच्या तोंडाशी बसवलं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. संध्याकाळी मेंढरं आत घेताना एका अरुंद जागेतून एकेक सोडायची, आणि तात्यांनी हात पुढं धरून बसायचं. प्रत्येक पाठ तळव्याखालून जायची. तात्या मोजायचे. पाच वर्षांच्या पोराचा आकडा मेंढपाळांचा आख्खा वाडा खरा धरायचा.

"आणि चुकला आकडा तर?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"मंग लोक रानात पळायचे हुडकायला. आमचा बाप न्हाय पळायचा. म्हनायचा, आधी दार बगा. दोन येकदम घुसली असत्याल, पोराच्या हाताला येकच पाठ लागली आसंल. दार बारीक करायचं आन् परत मोजायचं."

मी चहा संपवला, कप ठेवला आणि पुन्हा त्या इंग्रजी पानांत डोकं घातलं. उत्तर कानावरून गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

दोन दिवसांनी तात्याच म्हणाले, "बाई, पाव्हण्याला गप करा. तुमी वरनं खालपातुर या, नुसतं बटन वाजवत. मी मोजतो."

आवाज बंद करून मी खाली आले. यादी संपली की मशीन 'टुंग' करायचं. तात्या म्हणाले, "चाळीस." कॉम्प्युटरवर पहिल्या पाळीचीच यादी होती, तिच्यात नावं चाळीसच होती. मग पाव्हण्याला बोलतं करून ते स्वतः बसले, आणि मी मोजलं. एकोणतीसला टुंग झालं.

"खटका येकदाच वाजतोय न्हवं?"

"हो, एकदाच."

"मंग दार उघडं ऱ्हातंय."

त्यांनी माझा हात कीबोर्डवर ठेवला, माझ्या बोटावर आपली दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "दाबा." मी दाबलं. "आणिक येकदा." मी पुन्हा दाबलं. तात्यांच्या कपाळाला आठी पडली. "तुमी लगीच उठताय की."

"उठते म्हणजे?"

"बोट. पाव्हणा बोलायच्या आदीच तुमचं बोट वर." मग त्यांनी माझी बोटं आपल्या बोटावर ठेवली आणि बाण दाबला. बोट खाली गेलं आणि तिथंच राहिलं. पाव्हण्याला बोलायला नेहमीसारखा वेळ लागला. त्यानं नाव घेतलं, आणि मग तात्यांचं बोट उठलं.

सव्वीस वर्षं खटका दाबून धरणारं बोट. आणि मी डोळस, पट्टी सरकलेली दिसली की बोट उचलणार. तात्यांना पट्टी दिसत नव्हती. त्यांना पाव्हण्याचा आवाज हीच पावती, आणि तो आवाज उशिरा यायचा. तेवढ्या वेळात, दाबून धरलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं आत जायचं, माझं स्क्रिप्ट इमानदारीनं प्रत्येक वेळी ते पुढं सोडायचं, आणि पाव्हणा शेवटच्या ओळीचं तेवढं बोलायचा. तीन आठवडे मी यंत्रात शोधत होते ते असं माझ्या शेजारी, कीबोर्डवर होतं. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना सॉरीसुद्धा म्हणाले नाही.

मी म्हटलं, "मग सोपं आहे तात्या. तुम्ही बोट लगेच उचला."

"न्हाय जमायचं."

"का? सवयीनं जमेल."

तात्यांनी माझं मनगट धरलं, पण प्रश्न विचारला नाही. "मी नवा होतो हितं. नरसिंहपूरवरनं येका मानसाचा फोन आला. पोराला पान लागलंय, साप डसलाय, डाक्टरच्या घरी जोडा म्हनला. मी जोडलं. घंटी गेली आन् मी खटका सोडला. डाक्टरनं उचलल्याला मी ऐकलंच न्हवतं. लाईन तुटली. परत जोडाया पाऊण तास गेला, तवाच्या लायनी तसल्या. पोरगं वाचलं. पण माझ्यामुळं न्हाय वाचलं, दुसऱ्या कुनीतरी गाडी काढली म्हनून वाचलं. तवापास्नं पल्याडचा बोलल्याशिवाय माझं बोट उठत न्हाय. मला दिसत न्हाय बाई. न ऐकता सोडलं तर पोचलं का न्हाय हे मी कुनाला इचारायचं?"

मी म्हटलं, बरं, बोट राहू दे. दार मी लावते. स्क्रिप्टमध्ये लिहिलं, की एकदा बटण आत आलं की पुढचा दीड सेकंद दुसरं घ्यायचं नाही. दीड सेकंद मोजायची दुसरी रीत मला सापडली नाही, म्हणून मशीनला मनातल्या मनात आकडे मोजायला लावले. एवढे आकडे मोज आणि मग दार उघड. चाललं. तात्यांनी वरून खाली यादी ऐकली, चाळीसच्या चाळीस. गेनबानं भेळ आणली. कारकूनसुद्धा माझ्याशी बोलला. मी त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून स्वतःवर इतकी खूश होते की पिंपळीचा थांबा मागं गेला तरी कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी माझा जीव मुठीत होता, पण तो तात्यांसाठी, स्क्रिप्टसाठी नाही. स्क्रिप्टची मला खात्री होती. आम्ही आमच्या मशीनपाशी जाऊन बसलो तर साहेब म्हणाले, "इथं नको, चेअरमनांच्या केबिनमध्ये चला. कालच नवीन कॉम्प्युटर आलाय, संचालकांनाही बघायचाय." मी पाव्हण्याला आणि माझ्या चार ओळींना नव्या मशीनवर घातलं. पाव्हणा बोलला. मला वाटलं, झालं.

तिघं संचालक सोफ्यावर, साहेब दाराशी, मी भिंतीला टेकून. तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं. खुर्चीवर बसून त्यांनी आधी कीबोर्डच्या कडा चाचपल्या, मग साहेबांना विचारलं, "यादीत नावं किती हायेत?"

"बत्तीस. का?"

"आपलं सहज."

एका संचालकांनी कागदावरून एक नाव वाचलं आणि म्हणाले, ह्याची पाळी सांगा. तात्यांनी बाण दाबला. पाव्हण्यानं नाव घेतलं. पुन्हा दाबला, पुन्हा नाव. तात्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. एवढ्यात टुंग झालं. विचारलेलं नाव आलंच नव्हतं.

मला तेव्हाच कळलं. मी जुन्या मशीनला आकडे मोजायला लावले होते, ते ह्या नव्या मशीननं झटक्यात मोजून टाकले होते. दार लावताक्षणी उघडत होतं. मी पुढं होऊन म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे, मला दहा मिनिटं द्या." साहेबांनी हातानंच मला मागं केलं. सोफ्यावरचे एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाले, "नाव नाही म्हणतंय मशीन." तात्यांना ऐकू गेलंच असणार, त्यांना काय ऐकू जात नव्हतं?

तात्यांनी हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तुमी बत्तीस म्हनलात. हितनं तेवीसच आत गेली. नऊ कुठं गेली ते मला म्हाईत हाय. परत मोजतो."

ते यादीच्या अगदी वर, मथळ्यावर गेले. बोट बाणाच्या वर धरलं. मी त्यांच्या बोटाकडं बघत होते, या वेळी फक्त बोटाकडं. ते खाली आलं, बटण वाजलं आणि बोट उठलं. तव्यावरच्या भाकरीला हात लागताच काढून घ्यावा तसं. पाव्हणा अजून गप्प. बोट हवेत थांबलेलं. तात्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग पाव्हण्यानं नाव घेतलं. बोट पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा ती वाट बघणं. प्रत्येक वेळी त्यांनी न ऐकता सोडलं. असं बत्तीस वेळा. मधे चेअरमनांचा चहा आला, कुणी घेतला नाही.

टुंग झालं. "बत्तीस," तात्या म्हणाले. "तुमी इचारल्यालं नाव एकोणिसावं हाय. पाळी तिसऱ्या टोळीकडं, येत्या शुक्रवारी." साहेबांनी कागद बघितला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "खिडकीचं रंगकाम उद्या सुरू करा." खुर्ची तात्यांची झाली.

बाहेर आल्यावर मी रडले, गेनबासमोरच. तात्यांना म्हटलं, "मी तुमची फजिती करणार होते." ते म्हणाले, "दार मोठं होतं, मी हात बारीक केला. त्यात काय?" पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. उजवा हात डाव्या हातात धरून बाकावर बसून राहिले. मी विचारलं, दुखतोय का? म्हणाले, "दुखत न्हाय. जरा परका वाटतोय."

पुढच्या महिन्यात त्या इंग्रजी पानांच्या अगदी शेवटी मला हवं ते सापडलं. बटण अजून दाबलेलं आहे का, हे विचारायची सोय होती. आकडे मोजायची गरजच नव्हती. बोट उठेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही, की झालं, मशीन कुठलंही असो. मी एका सकाळी ते बसवलं आणि मोठ्या कौतुकानं खिडकीशी जाऊन सांगितलं, "तात्या, आता हवं तेवढं दाबून धरा. एकच ओळ जाईल. पूर्वीसारखं."

तात्यांनी बाण दाबला. बोट लगेच उठलं. पुन्हा दाबला, पुन्हा उठलं. ते हसले. "हात शिकला बाई. आता धरत न्हाय. तुमी उशीर केला."

माझं काम आता बरोबर होतं आणि कुणाला नको होतं.

उन्हाळ्यात मला पुण्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला इंदापूरला गेले. खिडकीपुढं रांग होती. तात्या एकेकाला नावानं हाका मारत होते, बाण दाबत होते, पाळी सांगत होते. दुपारी ते गेनबाला घेऊन मला सोडायला एसटी स्टँडवर आले. मी नको म्हणत होते. गाडी लागली. कंडक्टर आत बसा म्हणून ओरडत होता. तात्यांनी माझं मनगट चाचपून धरलं, तीच दोन बोटं.

"पुन्यास्नं कदी फोन करचाल का न्हाय?" त्यांनी विचारलं.

आणि बोटं उठली. मी तोंड उघडायच्या आत.

मी "करीन" म्हणाले. त्यांना ऐकू गेलं असेल, नसेल. त्यांनी तोवर काठी पुढं टाकली होती आणि गेनबाच्या खांद्यावर हात ठेवून ते गर्दीतून परत निघाले होते. गाडी सुटली तरी मी माझं मनगट धरून बसले होते. माझं उत्तर त्यांना नको होतं, की ते न ऐकताच कळलं होतं, हे मला अजूनही समजत नाही. मी फोन केला नाही.